हेड ऑफिस वरच्या मजल्यावर

आमच्या घरात टीव्ही दोन आहेत आणि मर्जी एक. खाली बैठकीत बसून आम्ही काय बघायचं, हे वरच्या खोलीत बसलेले माझे सासरे ठरवतात. डिशचा बॉक्स वर, रिमोट वर आणि सासरेही वर. खाली येते ती फक्त एक काळी वायर. वरच्या झरोक्यातून ती निघते, जिन्याच्या कठड्याला धरून उतरते, स्वयंपाकघराच्या दारावरून वळसा घेते आणि बैठकीतल्या टीव्हीच्या पाठीत शिरते. वर जे लागतं तेच खाली दिसतं. वर त्यांना एखाद्या मालिकेचा कंटाळा आला, की खाली आम्हालाही आला असं समजलं जातं.

सगळी शिंदे की छावनी, म्हणजे हिंदी मुलखातला आमचा हा मोहल्ला, त्यांना तात्या म्हणते. बँकेतून ते कधीच निवृत्त झाले, पण बँक अजून त्यांच्या डोक्यातून गेलेली नाही. वरचा टीव्ही म्हणजे हेड ऑफिस, खालचा म्हणजे ब्रँच. जिन्यात उभं राहून "तात्या, जरा ते रेसिपीवालं लावता का?" असं ओरडलं, की वरून उत्तर येतं, "अर्ज मिळाला. विचाराधीन आहे." विचार पूर्ण होईपर्यंत रेसिपी शिजून, वाढून, संपलेली असते. आमची लेक सई कॉलेजात जाते, ती जिन्याच्या भानगडीत पडत नाही, सरळ फोन लावते.

"आजोबा, प्लीज़ मॅच लगाओ ना, शेवटची ओव्हर चालू आहे!"

"कोणाची ओव्हर?"

"अरे पहले लगाओ तो सही, मग सांगते!"

"ब्रँचने आवाज चढवायचा नाही," असं म्हणून तात्या फोन ठेवतात. मॅच मात्र लागते. सईचे अर्ज अडकून पडल्याचं मला आठवत नाही.

ही वायर त्यांनी स्वतः टाकली. पाटणकर बाजारातल्या दुकानदारांना छळून, प्रत्येकाकडची वायर वाकवून, ताणून, वास घेऊन शेवटी पहिल्याच दुकानातून घेतली. घरात दुसरा बॉक्स घ्यावा असं माझ्या नवऱ्याने, श्रीने, एकदा सुचवलं, तर तात्या उसळले. "एका घरात दोन डबडी? फालतू खर्चा! सिग्नल काय पोळी आहे, वाटली की संपायला?" सिग्नल संपला नाही हे खरं, पण खालच्या चित्राला कायम मुंग्या येतात. तक्रार केली तर म्हणतात, "मुंग्या कशाला बघता? माणसं बघा."

त्यातून त्यांना जाहिराती आवडत नाहीत. जाहिरात लागली की ते आवाज बंद करतात आणि कधीकधी तसाच ठेवून आंघोळीला जातात. मग आम्ही बातम्या सांगणाऱ्या माणसाचे नुसते ओठ बघत बसतो. उलट एखादी मालिका रंगली, की वरून थेट सूचना येतात. "मंजू, ती धाकटी सून खोटं बोलतेय! लक्ष ठेव!" आमच्याकडे पाहुणे असले तरी ही सूचना येते, आणि घरातली सून मी एकटीच असल्यामुळे पाहुणे माझ्याकडे बघतात.

आणि मला लाज फार लवकर वाटते. माझं माहेर दाल बाजाराजवळचं, तिथे सगळं आयुष्यच गल्लीच्या डोळ्यांसमोर चालतं, त्यामुळे ही सवय लहानपणापासूनची आहे. दुधाची पिशवी घरात फाटली तरी मला दूधवाल्यापुढे ओशाळल्यासारखं होतं. अशा बाईला असा सासरा मिळावा, याला काय म्हणावं?

पूर्वी तात्यांची मला लाज नव्हती, अभिमान होता. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत जी पंगत बसते, तिच्यात आमटी वाढायची ती तात्यांनीच. कमरेला पंचा, हातात बादली आणि पळी, आणि धावल्यासारखी चाल. आमटीचा थेंब पानाबाहेर पडायचा नाही, कुणाच्या भाताची मूद ढळायची नाही. म्हाताऱ्या बायका पान झाकून "पुरे, पुरे" म्हणायच्या आणि तात्या त्यांच्या बोटांच्या फटीतून नेमकी वाटीत आमटी सोडायचे. माझ्या लग्नात पाहुण्यांनी माझ्यापेक्षा माझ्या सासऱ्यांच्या वाढण्याचं कौतुक जास्त केलं होतं.

मग एका वर्षी ते गणपतीला गेलेच नाहीत. "आता पंगतीत बुफे घुसला. ताटली घेऊन भीक मागितल्यासारखं फिरायचं? मला नाही जमत." खरं तर पंगत अजूनही बसतेच, बुफे फक्त शेवटच्या दिवशी असतो. पण तात्यांशी वाद कोण घालणार? त्यानंतर त्यांनी घरातही खाली जेवायला येणं सोडलं. कारण विचारलं तर म्हणाले, "आठ वाजता माझी मालिका असते. हेड ऑफिस सोडून येता येत नाही." खाली तीच मालिका दिसते हे मी सांगितलं. त्यावर "मुंग्यांसकट," एवढंच उत्तर मिळालं. ज्यांनी मुंग्या बघायच्या नाहीत असा नियम घातला, तेच हे बोलत होते!

तेव्हापासून मी त्यांचं ताट वर नेते. ताट ठेवून मी खोलीबाहेर पडल्याशिवाय ते घासाला हात लावत नाहीत. त्यांच्या फर्माइशीही वाढत गेल्या. आमटी घट्ट कर. चहा अर्धाच दे, आणि कपात नको, मोठ्या पेल्यात दे. ताक नकोच. मी मनात म्हणायचे, म्हातारपणी माणूस हट्टी होतो तो असा. पण बाहेर याचा अर्थ वेगळा निघाला. आमच्या शेजारच्या कर्णिक काकूंनी एकदा भाजीच्या गाडीपाशी चारचौघींत विचारलं, "मंजिरी, तात्यांचं ताट वेगळं लावतेस म्हणे? पटत नाही का गं?" मी हातातली भेंडी तशीच टाकून घरी आले. आता छावनीभर होणार, कर्णिक काकूंच्या तोंडून निघालं म्हणजे झालंच, की ही सून सासऱ्याला वरच्या खोलीत वाढून मोकळी होते.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण मग चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं.

बैठक बायकांनी भरली होती. आंब्याची डाळ, पन्हं, हरभरे, सगळं साग्रसंगीत. टीव्हीवर एक कीर्तन लागलं होतं. मुद्दाम सकाळीच अर्ज करून मी ते मंजूर करून घेतलं होतं, म्हणजे वातावरण कसं छान राहील. कर्णिक काकू आपल्या जावयाच्या नव्या गाडीबद्दल सांगत होत्या. तेवढ्यात कीर्तनकारबुवा गेले आणि एक मगर आली. मगर गेली, दोन पैलवान आले. मग कुणीतरी सिमेंट विकू लागलं. आणि मग आली एक मुलगी. अंगावर टिकल्याच टिकल्या, कपडा त्यामानाने कमी, पाण्याच्या टँकरवर उभी राहून ती अशी काही नाचायला लागली, की चमचे बायकांच्या तोंडाशी थांबले. मला वाटलं, आत्ता जाईल. पण ती गेली नाही. मगर गेली, पैलवान गेले, हिच्यावर मात्र हेड ऑफिस ठाम राहिलं. अख्खं गाणं झालं. आवाजही वाढला.

मी फोन लावला, कुणी उचलला नाही. टीव्ही बंद करायला उठले तर वाटेत बायका, डाळीच्या वाट्या आणि गौरीची आरास. कर्णिक काकूंनी छताकडे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "तात्या अजून जवान आहेत हो!" सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण रडायला जागा नव्हती.

बायका गेल्यावर मी वर गेले. दाराला आतून कडी होती.

"तात्या, ते काय होतं?"

"बघत होतो," आतून आवाज आला. "बघावंसं वाटलं. माझा टीव्ही आहे."

एवढंच. ना खंत, ना खेद. मला इतकी लाज वाटली, की दुसऱ्या दिवसापासून मी भाजी दुसऱ्या गल्लीतून आणायला लागले. श्री ऑफिसातून आला तर त्यालाही कुणीतरी थांबवून "पिताजी तो बड़े रंगीले निकले" असं सांगितलं होतं. त्याने शर्ट न बदलताच फोन उचलला आणि दुसऱ्या बॉक्सची ऑर्डर दिली. "बस, अब बहुत हो गया. तात्यांना काय पहायचं ते पाहू दे, खाली आपलं वेगळं."

डिशवाला आला तेव्हा घरात मी आणि तात्या, दोघंच होतो. तो आधी वर गेला, कारण छतावरून येणारी मूळ वायर वरच्याच खोलीत होती. मीही पाठोपाठ गेले. तात्या खुर्चीत ताठ बसले होते, हात शालीखाली. मे महिन्यात शाल! मला तेव्हाही काही सुचलं नाही. डिशवाला टीव्हीच्या मागे वाकला, दोन्ही हातांत वायरी धरून म्हणाला, "दादाजी, ज़रा मेन्यू का बटन दबा दीजिए."

"तूच दाब," तात्या म्हणाले.

"मेरे दोनों हाथ फँसे हैं दादाजी. बस एक बार दबाना है."

तात्यांनी शालीतून हात काढला आणि रिमोट उचलला. तो त्यांच्या हातात स्थिर राहीना. खुर्चीच्या लाकडी दांड्यावर तो टकटक टकटक वाजायला लागला. त्यांनी दुसऱ्या हाताने पहिला हात धरला, तर दोन्ही हात थरथरायला लागले. अंगठा बटनावर ठेवायला जावा आणि तो भलतीकडेच पडावा. पडद्यावर चॅनेल पळायला लागले, आवाज वाढला, कमी झाला, पुन्हा वाढला.

"दादाजी, एक ही बार!" टीव्हीमागून डिशवाला ओरडला.

तात्या टीव्हीकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. पंगतीत उष्टं सांडलेल्या माणसाचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी पुढे होऊन रिमोट त्यांच्या हातातून घेतला.

"भैया, रहने दीजिए," मी म्हणाले. "आज नहीं लगवाना."

तो कुरकुरत गेला. मी तिथेच पलंगावर बसले. मग तात्याच म्हणाले, "त्या दिवशी मी कीर्तनाचा आवाज कमी करायला गेलो होतो. तुम्ही बायका बोलत होतात, म्हटलं व्यत्यय नको. तर ती मगर आली. सुधारायला गेलो तर पैलवान. आणि ती बया आली तेव्हा रिमोटच हातातून सुटला, पलंगाखाली गेला. मला वाकता येईना. खाली तुमचं काय होत असेल ते मला वर कळत होतं. ते ऐकू येऊ नये म्हणून आवाज वाढवला असं नको समजूस, तो पडताना वाढला."

"मग सांगायचं नाही का? मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, बघावंसं वाटलं."

"रंगेल म्हटलं तर लोक हसतात आणि घरी जातात. हात कापतो म्हटलं की चमच्याने भरवायला येतात." त्यांनी हात परत शालीखाली घेतले. "श्रीला सांगू नकोस. त्याच्या मुंजीत मी अख्ख्या पंगतीला आमटी वाढली होती."

मला काय वाटलं ते सरळच सांगते. त्या घट्ट आमटीची, त्या अर्ध्या चहाची, ताकाला नाही म्हणण्याची, मी मनातल्या मनात केलेल्या प्रत्येक कुरकुरीची मला लाज वाटली. रोज दोन वेळा ताट मी नेत होते आणि माझ्या लक्षात काय आलं होतं? लोक काय म्हणतील, एवढंच.

"डॉक्टरकडे जायचं," मी म्हणाले. "आणि श्रीला सांगायचं. मी सांगेन."

त्यांनी मान हलवली. "जाऊ. पण ती वायर काढू नका. खाली तुम्ही जेवता ना, तेव्हा मी तेच बघत असतो. सई हसली की ती कशाला हसली ते मला कळतं. एकटं जेवल्यासारखं नाही वाटत."

त्या दिवशी आठ वाजता मी दोन ताटं आणि आमटीचं पातेलं वर नेलं. श्री आणि सई खाली जेवत होते, मालिका दोन्हीकडे सुरू झाली होती. माझं ताट बघून तात्या कासावीस झाले. "तू खाली जा. मला कुणी बघितलं की जास्त होतं."

"मी नाही बघत," मी म्हणाले.

मी त्यांची खुर्ची खिडकीकडे वळवली, माझी टीव्हीकडे. पाठीला पाठ लावून आम्ही बसलो. त्यांना टीव्ही दिसत नव्हता आणि मला ते. मागे काही वेळ काहीच हललं नाही. मग चमचा ताटावर वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजला. मी मान वळवली नाही.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"धाकटी सून रडतेय."

"खरंच का नाटक?"

"अजून कळत नाही."

खालून सई हसल्याचा आवाज आला. तात्याही हसले, कशाला ते त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने माझ्या खांद्यापाशी त्यांचा हात मागे आला. हातात वाटी होती, रिकामी, आणि ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर टकटकत होती.

"आमटी वाढ," तात्या म्हणाले.

मी त्या हाताखाली माझा हात धरला आणि वाटी अर्धी भरली.