लिस्बनच्या फातिमाबाईंचं घर

रुखसारनं फोन इर्शादच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "हे घर बघा. लिस्बनमधलं. नोव्हेंबरात चार दिवस आपण इथं राहायचं."

इर्शादनं भाकरी मोडता मोडता वाकून पाहिलं. निळ्या फरश्यांचं घर, खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. खाली लिहिलं होतं : जुन्या शहरात, खिडकीतून समुद्राकडे जाणारी नदी दिसते, स्टेशन पाच मिनिटांवर, चोवीस तास गरम पाणी. मालकीण फातिमा, निवृत्त शिक्षिका.

"फातिमा?" इर्शादच्या आई, ताजुन्निसाअम्मी, पलीकडून म्हणाल्या. "मग आपल्यातलीच बाई की! आता विचार कसला करायचा?"

"अम्मी, तिकडं ख्रिश्चन बायकांचंही असतं हे नाव," रुखसार म्हणाली.

"असू दे. बाई सरळ दिसतीय."

इर्शादचा मात्र विश्वास बसेना. त्याच्या वलवणच्या घराच्या वरच्या दोन खोल्या तो पर्यटकांना भाड्यानं देई, आणि त्या खोल्यांची जाहिरात त्यानं स्वतः लिहिली होती. 'वलवण धरणाचं मनोहारी दृश्य' दिसायचं, पण त्यासाठी गच्चीवरच्या टाकीवर चढून डावीकडं झुकावं लागे. 'लोणावळा स्टेशन पाच मिनिटांवर' होतं. कशानं, ते लिहिलं नव्हतं. गरम पाणी खालच्या चुलीवर तापून बादलीनं वर जाई. लग्नापासून प्रत्येक सुट्टीत नवरा-बायको दुसऱ्यांचीच सहल सांभाळत आले होते, म्हणून रुखसारनं आता आपल्यासाठी हट्ट धरला होता. इर्शाद नाही म्हणू शकला नाही. त्यानं बुकिंग केलं आणि लगेच बाईंना पहिला प्रश्न पाठवला : नळाला पाणी किती वाजता येतं?

उत्तर आलं, "नळ उघडला की येतं."

"बघ, किती तुटक बोलते," इर्शाद म्हणाला. "टँकरवर असणार."

"अहो, बिचारीनं सरळ सांगितलंय."

"या धंद्यात सरळ कोणी सांगत नाही, रुखसार. मला विचार."

त्यानं नळाचा व्हिडिओ मागवला. बाईंनी पाठवला. मग गरम पाण्याचा मागवला, त्यात वाफ नीट दिसेना म्हणून पुन्हा मागवला. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का, शेजारी लग्नाचा हॉल आहे का, गादी नवी आहे की चादर नवी आहे, असं सगळं त्यानं विचारलं. नदी कुठल्या खिडकीतून दिसते, आणि ते बसून की उभं राहून, हेही सोडलं नाही. प्रत्येक प्रश्नामागून रुखसार आपल्या फोनवरून बाईंना 'सॉरी' लिहून पाठवी; आमच्याही दोन खोल्या याच साइटवर भाड्यानं असतात, म्हणून हे असं विचारतात, असंही तिनं एकदा लिहिलं. शेवटी इर्शादनं घरापासून स्टेशनपर्यंत चालत जाऊन सलग व्हिडिओ काढायला सांगितलं. "मध्ये कापू नका," असंही लिहिलं.

दोन दिवस उत्तर आलं नाही.

"तुटलं बुकिंग," रुखसार म्हणाली. "तुम्ही तोडलंत." ती रागावून कोथिंबीर निवडत बसली, आणि निवडलेली काडी आणि टाकायची काडी एकाच ताटलीत जाऊ लागली.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, पण तो भलताच होता. फातिमाबाईंनी इर्शादच्या वरच्या दोन्ही खोल्या चार दिवसांसाठी घेतल्या होत्या. तारखा नेमक्या त्याच, ज्या दिवसांत हे दोघं लिस्बनला असणार होते. पैसे भरून झाले होते आणि प्रश्न एकही नव्हता.

इर्शादला घाम फुटला. "अगं, ही बाई जाहिरात खरी धरून येतीय! मी नसलो तर गरम पाणी वर कोण नेणार?"

त्यानं बाईंना कळवलं, की तुम्ही येणार तर मला घरी थांबावं लागेल, तेव्हा आमचं येणं रद्द समजा. या वेळी उत्तर तत्काळ आलं. "तुम्ही जरूर थांबा. पण माझं घर रिकामंच आहे. तुमची पत्नी आणि आई येऊ देत. भाडं नको."

"मी?" अम्मी म्हणाल्या. "पासपोर्ट आहे माझा. उमऱ्यासाठी मक्केला जाताना काढला होता." आणि उठून त्यांनी कपाटातल्या चांगल्या साड्या बाहेर काढल्या.

व्हिसा झाला, विमानाची तिकिटं निघाली. सासू-सून लिस्बनला गेल्या. इकडं इर्शादनं गच्चीवर टाकीला शिडी बांधली, धरण दिसावं म्हणून आड येणारी आंब्याची फांदी छाटली, गीझर बसवून घेतला. गीझरनं पहिल्याच दिवशी घराचा फ्यूज उडवला.

फातिमाबाई आल्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, हातात छोटी बॅग. स्टेशनवरून त्या चालत आल्या आणि चांगल्याच दमल्या. पाच मिनिटांबद्दल मात्र काही बोलल्या नाहीत. धरण कुठं आहे हे विचारलं नाही. इर्शादनं वर नेलेली बादली पाहून 'थँक्यू' म्हणाल्या. असे तीन दिवस गेले. रुखसारचा फोन रोज येई : नळ उघडला की पाणी येतं, नदी अंथरुणातून दिसते, अम्मी शेजारणीकडून मासे करायला शिकतायत. ऐकून इर्शाद आणखीच खाली मान घाली.

चौथ्या दिवशी त्याला राहवेना. व्हरांड्यात बसलेल्या बाईंपुढं उभा राहून तो आपल्या पर्यटकांच्या इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, माझ्या जाहिरातीतलं काहीच खरं नाही."

"मला माहीत होतं," फातिमाबाई म्हणाल्या. "जो माणूस दुसऱ्याच्या नळाबद्दल एवढं विचारतो, त्याच्या नळाला पाणी नसणार. शाळेत अशी मुलं मी पुष्कळ पाहिलीत."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"भारत बघायचा होता." बाईंनी चष्मा पुसला. "शिवाय तुमची पत्नी फार चांगली वाटली, तिचं बुकिंग रद्द करवेना. आणि तुम्ही माझ्या घरी येऊ नये, यासाठी मला दुसरा उपाय सुचला नाही."

इर्शादनं आत जाऊन चहा ठेवला. साखर किती घालू, हे बाहेर जाऊन विचारावं असं त्याला फार वाटलं. पण त्यानं विचारलं नाही. अंदाजानं दोन चमचे घातली आणि कप बाहेर नेऊन ठेवला.