बिनआवाजाचा कम्प्युटर

टीव्हीखाली ठेवायचा कम्प्युटर असा बनवता येतो, की तो चालू आहे हे फक्त वीज कंपनीला कळावं. तोही स्वस्तात. मी बनवलाय, त्यामुळे हे अधिकाराने सांगतो. बाकी कशावर माझा अधिकार उरलेला नाही, ते पुढे येईलच.

आधीचा होता तो ऑफिसातून मोडीत निघालेला. सिनेमा लावला की त्याचा पंखा दारातला बर्फ उडवायच्या यंत्रासारखा सुरू व्हायचा. दोन वर्षांपूर्वी माझी बायको मार्याता अर्ध्या सिनेमातून उठली. म्हणाली, "आर्वो, ह्या घरघरीत मला बसवत नाही." वर स्वयंपाकघरात गेली ती पुन्हा तळघरात उतरलीच नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली. रविवारची दुपार तेवढी आम्ही एका सोफ्यावर काढायचो, तीही गेली. दुसऱ्या कुणीही बायकोला विचारलं असतं. मी इंजिनिअरिंग शिकलोय. मी पंखा तपासला.

तीन महिने लागले. कमी तापणारा प्रोसेसर जुना मिळवला. पेटी म्हणून मार्याताचा पाव ठेवायचा पत्र्याचा डबा घेतला. पंख्याला निम्मीच वीज दिली, म्हणजे तो फिरायचा तो केवळ हजेरी लावायला. हार्ड डिस्क थरथरली की डबा वाजतो, म्हणून ती माझ्या थंडीच्या विजारीच्या इलॅस्टिकवर पाळण्यासारखी टांगली.

चालू केला. शांत! आणि त्या शांततेत मला कोपऱ्यातला फ्रीजर ऐकू आला.

पाच वर्षं तो तिथेच होता, पण आवाज आजच काढत होता. सिनेमापुरता बंद केला. पुन्हा लावायचं राहिलं. त्यात माझा साडू वेइको याने शिकार केलेला अर्धा मूस, म्हणजे घोड्याएवढं हरीण, होता. आठवड्याने वेइको मांस न्यायला आला, तेव्हा मूस गालिच्यापर्यंत पोहोचला होता.

"आर्वो, हे काय आहे?"

"आवाजाचं असं असतं वेइको, मोठा आवाज गेला की त्याच्यामागे दडलेला लहान आवाज..."

"मी मांसाबद्दल विचारतोय."

"तेच सांगतोय. फ्रीजरचा कॉम्प्रेसर साधारणपणे..."

"चार दिवस दलदलीत पडून मी ह्याला एकदा मारला. तू दुसऱ्यांदा मारलास." एवढं बोलून तो बादल्या आणायला गेला. मी कॉम्प्रेसरचं राहिलेलं सांगत त्याच्या मागे गाडीपर्यंत गेलो. त्याने काच वर केली.

मग घड्याळ ऐकू येऊ लागलं. त्याचा सेल काढला. आता उरली घर तापवायची भट्टी.

"ह्या रविवारी ये तर खरी," मी मार्याताला विनवलं. "पंधरा मिनिटं. आवडलं नाही तर जा."

"बरं," ती म्हणाली. "तीनला येते. आधी सिर्काचा फोन होऊ दे." सिर्का म्हणजे तिची बहीण, मूसवाल्याची बायको.

आधी चाचणी घ्यावी म्हणून एकलाच मी भट्टी बंद केली. बाहेर उणे अठ्ठावीस. आमच्या थंडर बे शहरात फेब्रुवारीत भट्टी बंद करणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, पण सिनेमा संपेपर्यंत घर तग धरेल असा माझा अंदाज होता. पावणेतीनला गारठलेल्या सोफ्यावर बसलो. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. मग छताच्या जाळीतून, जिथून एरवी गरम हवा येते, तिथून मार्याता आली. म्हणजे तिचा आवाज. तळघर आणि स्वयंपाकघर एकाच पत्र्याच्या नळीवर आहेत. तिचे हात बहुधा कणकेत असावेत, कारण फोन स्पीकरवर होता.

"मग आता जाणार तू खाली?" सिर्का विचारत होती.

"जावं लागेल. दोन वर्षं त्या घरघरीवर निभावून नेलं. आता तीही काढली त्याने."

"सरळ सांग ना त्याला."

"काय सांगू? सिनेमा सुरू झाला की हा सुरू होतो. हा नट आधी कशात होता, तो पूल खरा की खोटा, खून कुणी केला. तो जुना पंखा होता तोवर निदान अर्धंच ऐकू यायचं."

"वेइको म्हणतो, मांस जाऊ दे, पण ते व्याख्यान..."

दोघी हसल्या. मार्याता जास्त हसली. मी उठून भट्टी पुन्हा चालू केली. थंडीमुळे नव्हे.

तीनला ती खाली आली, अंगात कोट, डोक्याला टोपी. "इथे बर्फ पाडायचा होता का?" म्हणाली आणि सोफ्याच्या पलीकडच्या टोकाला बसली. मी सिनेमा लावला. पूल खोटा होता. खून पुतण्याने केला होता, हे मला अकराव्या मिनिटाला कळलं. मी ओठ दातांत धरून बसलो. तासाभराने तिने टोपी काढली. मग पाय वर घेतले आणि माझ्या बाजूला जरा सरकली.

सिनेमा संपल्यावर ती आळस देत म्हणाली, "खरंच फरक पडलाय रे. इतका छान सिनेमा कित्येक वर्षांत बघितला नव्हता. पुढच्या रविवारीही बसू." मग पावाच्या डब्यावर थोपटून तिने विचारलं, "नक्की काय बदललंस?"

माझ्याकडे पाऊण तासाचं उत्तर तयार होतं.

"पंखा," मी म्हणालो.