हलू नकोस, लाइट लावतोय

"राहू द्या, मी खिडकीपाशी बसते," असं प्रतिमा म्हणाली, तेव्हाच मी "बरं" म्हणून पेपर वाचत बसायला हवं होतं. सोळा वर्षांच्या संसारात "बरं" या शब्दानं माझं कधी वाईट केलेलं नाही. पण त्या शुक्रवारी वरमहालक्ष्मीची सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या अंगात हुशारी संचारते. (एरवी ऑफिसात ती लागत नाही.)

प्रकरण साधं होतं. प्रतिमा कराडला तेरा वर्षं शाळेत शिकवत होती. माझी बदली बेंगळुरूला झाली आणि तिनं नोकरी सोडली. राजाजीनगरच्या या फ्लॅटमध्ये येऊन दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत तिला शिकवायला माझ्याशिवाय कुणी मिळालं नाही. मी पडलो कच्चा विद्यार्थी. आता परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्या एका संस्थेनं तिच्याकडून दहा मिनिटांच्या पाठाचा व्हिडिओ मागवला होता. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. ती काही बोलत नव्हती, पण आठवडाभर आमटीत मीठ नव्हतं, त्यावरून मी काय ते ओळखलं.

"चेहऱ्यावर सॉफ्ट लाइट हवा," मी म्हणालो. आदल्या दिवशी मी या विषयावरचे तीन व्हिडिओ पाहिले होते.

"म्हणजे कसा?"

"म्हणजे प्रकाश गाळून घ्यायचा. चहासारखा."

"आणि गाळणं?"

"चादर."

"नवी काढायची नाही," ती म्हणाली. परवानगी मिळाली असं मी धरून चाललो.

सामान म्हणाल तर एक टेबल लॅम्प, एक पांढरी चादर आणि फरशी पुसायच्या मॉपचा दांडा. प्रकाश दोन्ही बाजूंनी परतावा म्हणून स्टीलच्या दोन पराती. (एकीत पुरणाची डाळ निवत होती, ती मी कुकरच्या झाकणात काढून ठेवली. त्याचं पुढं काय झालं ते इथं सांगत नाही.) लॅम्पची वायर आखूड, म्हणून तो हॉलमधल्या फ्रिजवर ठेवावा लागला. आता लॅम्प खाली येईना, तेव्हा प्रतिमालाच वर न्यायचं ठरलं. दिवाणावर पाट ठेवून तिला मांडी घालून बसवलं, दोन्ही हातांना पराती उभ्या केल्या. चादरीचं एक टोक मॉपच्या दांड्याला बांधलं, दुसरं घराच्या दाराच्या कडीला. त्यामुळे दार उघडं ठेवणं भाग होतं.

पाठ फळांचा होता, म्हणून तिच्यापुढं तबकात नारळ, केळी, डाळिंब आणि सीताफळ. वरच्या मजल्यावरच्या गिरिजाक्कांनी संध्याकाळी हळदीकुंकवाला बोलावलं होतं आणि सकाळीच मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, भरगच्च गजरा पाठवला होता. दोनदा कशाला नटायचं, म्हणून प्रतिमानं हिरवी पैठणी, नथ, गजरा असा सगळा साज आधीच केला होता. लॅम्प लावला, आणि चादरीतून असा काही मऊ उजेड तिच्या तोंडावर पडला की मी बघतच राहिलो.

"डोळे दिपतायत," ती म्हणाली.

"मग मीट. पण हलू नकोस."

तेवढ्यात लॅम्प लुकलुकायला लागला. सॉकेट सैल होतं. ते घट्ट करायला मी चादरीमागं फ्रिजच्या आडोशाला रांगत गेलो.

इथं श्रावणातल्या या शुक्रवारी घरोघर लक्ष्मी बसवतात. कलशाला मुखवटा, त्याला भारी साडी, दागिने, गजरे, पुढं फळं. बायका एकमेकींच्या घरी देवी बघायला जातात. हे मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. फक्त त्या क्षणी मी सॉकेटमध्ये होतो.

गिरिजाक्का मूळच्या बेळगावच्या, त्यामुळे मराठी बोलतात. त्यांच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई, म्हणजे अज्जी, चामराजपेटच्या. त्यांना कन्नडशिवाय दुसरी भाषा नाही आणि मोतीबिंदूमुळं नजरही बेताची. दोघी खाली उतरत होत्या. आमचं दार उघडं, आत पांढऱ्या पडद्यातून झिरपणारा उजेड, आणि त्यात मूर्ती. अज्जी सरळ आत आल्या.

"एष्टु चेन्नागिदे," त्या म्हणाल्या. किती सुंदर आहे. मला वाटलं, बाहेर जिन्यात कुणी बोलतंय.

अज्जींनी देवीला कुंकू लावलं, मांडीवर खण ठेवला आणि वाकून पावलांना हात लावला. प्रतिमाच्या पायांना भयंकर गुदगुल्या होतात.

"अहो," ती डोळे न उघडता म्हणाली, "पाया पडून काही होणार नाही. चार वाजून गेले. लाइटचं बघा."



"देवी मातनाडिदळु," अज्जी हळूच म्हणाल्या. देवी बोलली. त्या घाबरल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या पूजेला अखेर कुणीतरी उत्तर दिलं, एवढंच समाधान त्यांच्या आवाजात होतं.

"मराठीत बोलतीय की," गिरिजाक्का दारातून म्हणाल्या.

मी घाईनं उठलो. डोकं फ्रिजला लागलं, पाय वायरीत अडकला, आणि आधाराला म्हणून मी जे धरलं ती चादर होती. मॉपचा दांडा मोडला. मी चादरीत गुंडाळला जाऊन थेट अज्जींच्या पायाशी आलो. त्यांनी माझ्याही कपाळाला शांतपणे कुंकू लावलं. देवीचं वाहन आलं असं त्यांना वाटलं असावं. (लक्ष्मीचं वाहन घुबड असतं, हे प्रतिमानं मला नंतर आठवणीनं सांगितलं.)

मग उलगडा झाला. प्रतिमानं खाली उतरून अज्जींना नमस्कार केला. गिरिजाक्कांना हसून हसून बसावं लागलं. पण चार वीस झाले होते, दांड्याचे दोन तुकडे होते, आणि प्रतिमा तबकाकडं बघत म्हणाली, "जाऊ दे. नाही पाठवत." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. मला स्वतःची शरम वाटली.

तेवढ्यात अज्जींनी तबकातलं केळं उचललं आणि सुनेला काहीतरी विचारलं.

"अत्ते विचारतायत," गिरिजाक्का म्हणाल्या, "बाळेहण्णुला देवीच्या भाषेत काय म्हणतात?"

"केळं," प्रतिमा म्हणाली.

"केळा."

"केळा नाही, अज्जी. केळं. नाकातून थोडं." आणि बोलता बोलता तिची पाठ ताठ झाली.

मला आयुष्यात फार कमी वेळा वेळेवर सुचतं, तेव्हा सुचलं. फोन मसाल्याच्या डब्यांना टेकवून रेकॉर्डिंग सुरू केलं. प्रतिमानं पाटावर बसून टिपणं वाचायला चष्मा लावला. अज्जी समोर शाळेतल्या मुलीसारख्या बसल्या. आणि लॅम्पचा प्लग घट्ट बसवून, चादर दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मी उभा राहिलो. अकरा मिनिटं. पाचव्या मिनिटाला दंड गेले, सातव्याला नाकाला खाज सुटली. पण मी ढिम्म हललो नाही, कारण प्रतिमा शिकवत होती. अज्जी चुकत होत्या, हसत होत्या, पुन्हा म्हणत होत्या, आणि प्रतिमाचा तो वर्गातला खणखणीत आवाज मी दोन वर्षं ऐकला नव्हता. मला फार आनंद झाला. चार त्रेपन्नला व्हिडिओ गेला.

सोमवारी मेल आला. तिची निवड झाली होती. तिनं तो मला तीनदा वाचून दाखवला आणि गिरिजाक्कांना सांगायला वर धावली. परत आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "लाइटबद्दल काही लिहिलंय का?"

"लिहिलंय ना. 'चेहऱ्यावरचा प्रकाश अतिशय सुरेख आहे.'"

मी शर्टाची कॉलर नीट केली.

"'फक्त एक शंका,'" ती पुढं वाचायला लागली. "'आपल्या चष्म्याच्या दोन्ही काचांत पोट सुटलेले एक गृहस्थ शेवटपर्यंत हात वर करून उभे दिसतात. घरी सर्व ठीक आहे ना?'"

"मग? काय कळवलंस?"

"कळवलं, काळजी नसावी," प्रतिमा म्हणाली. "तो लाइटचा स्टँड आहे, लग्नात मिळालेला."