टेंभ्याची भारदस्त हाक

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ होता. घाबरू नका. तुम्ही इंग्रजी शाळेत जाता, तुम्हाला कोण खातंय!

त्याच जंगलात टेंभ्या नावाचा वानर राहायचा. तो झाडावरून पाला खाली टाकायचा आणि खाली चितळांचा कळप तो पाला खायचा. वाघ दिसला की टेंभ्या ‘खॅक्! खॅक्!’ ओरडायचा आणि कळप पळायचा. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं. कळपातल्या ठिपकीवर टेंभ्याचा फार जीव. कोवळा पाला हटकून तिच्याच पुढ्यात पडायचा.

मग जंगलात धनेश सर आले. पक्षीच, पण सरकारी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात राहून आलेले, म्हणून सर. त्यांनी वडाखाली इंग्रजीच्या अवघड शब्दांचा वर्ग काढला.

“खॅक् काय, खॅक्?” सर पहिल्याच दिवशी टेंभ्याला म्हणाले. “घशात काटा अडकलाय का?”

वर्ग हसला. ठिपकीही हसली. टेंभ्याला तेच लागलं.

तो जिद्दीने घोकायला बसला. ‘इमिनंट’ म्हणजे येऊ घातलेलं. ‘कॅटॅस्ट्रॉफी’ म्हणजे घोर संकट. चितळही शब्द घोकायचे, पण अर्थ विचारायचे नाहीत. विचारेल त्याला सर शेवटच्या रांगेत, तरसाच्या वासात बसवायचे.

एका सकाळी गवत हललं. वाघ!

टेंभ्याच्या तोंडात ‘खॅक्’ आलंच होतं. त्याने ते गिळलं. खाली सगळा वर्ग चरत होता. ‘डेंजर’ म्हणावं, तर ते साळिंदरालाही येतं. त्याने छाती फुगवली.

“इमिनंट कॅटॅस्ट्रॉफी!”

कळपाने माना वर केल्या.

“काय उच्चार आहे!” एक चितळ म्हणाला.

“म्हणजे काय गं, आई?” ठिपकीच्या पाडसाने विचारलं.

“हळू बोल, लोक ऐकतील,” ठिपकी म्हणाली. तिलाही ठाऊक नव्हतं. “नमस्कार-चमत्कार असेल काहीतरी. मान हलव.”

तिने झोकात मान हलवली. वाघाने तीच धरली.

टेंभ्या फांदीला मिठी मारून ढसाढसा रडला. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

संध्याकाळी वडाखाली शोकसभा भरली.

“माझं चुकलं,” टेंभ्या म्हणाला. “मी नुसतं खॅक् म्हणायला हवं होतं.”

“भावनेच्या भरात बोलू नका,” धनेश सर म्हणाले. “शब्द अचूक होता. मयताचा अभ्यास कमी पडला.”

सगळ्यांना ते पटलं. मागे मिशा पुसत उभ्या असलेल्या वाघालाही पटलं. त्याने वर्गासाठी स्वतःची गुहा देऊ केली. आत शांतता असते, म्हणाला, पाठांतर चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी कळप रांगेने गुहेत शिरला. बाहेर टेंभ्या घसा फुटेस्तोवर ‘खॅक्! खॅक्!’ ओरडत होता.

“बिचारा,” आत जाताना एक चितळ म्हणाला. “शिकलेलं सगळं विसरला.”

तात्पर्य : अवघड शब्दाचा अर्थ कधी विचारू नये. न विचारल्याने फार तर जीव जातो. विचारल्याने अब्रू जाते.