क्रांतिवीर साळिंदराचं बीळ

एका जंगलात, बाळांनो, केरबा नावाचं एक साळिंदर राहायचं. त्याची बायको तानी आणि दोन पिल्लं. घर म्हणजे केरबाच्या आज्याचं जुनं बीळ.

हा आजा थोर क्रांतिवीर. वाघाच्या राज्यात वाघाला काटा टोचणारा पहिलाच. खरं सांगायचं तर आजा बिळाच्या तोंडाशी ढुंगण करून झोपला होता, आणि वाघानं पंजा आत घातला. पण वाघ लंगडत पळाला तो परत आला नाही. मग आजा झोपलेला होता का जागा, हे कोण विचारतंय?

पुढं कोल्ह्यानं स्मारक समिती काढली. बिळाला हार घातला, आणि केरबाला सांगितलं की ही आता साऱ्या जंगलाची ठेव. तुमच्या राहण्यानं इतिहास मळतो, बाहेर निघा.

निघाले बिचारे. पोरं करवंदीच्या जाळीखाली आणि बिबट्या आसपास वास घेत फिरतोय. तानीचा डोळ्याला डोळा लागेना.

एक दिवस ती पोरांना घेऊन दर्शनाच्या रांगेत उभी राहिली. राहता नाही आलं, तरी बघून तर येऊ. दारात सगळ्यांना पाय पुसायला लावत होते. हिनं स्वतःच्याच घरात शिरताना पाय पुसले.

आत ससा माहिती देत होता. "याच कोपऱ्यात क्रांतिवीर चिंतनाला बसत." सगळ्यांनी माना लववल्या.

"अगं बाई," तानी पुटपुटली, "तिथं तर आजेसासरे परसाकडला बसायचे."

पोरं मात्र ओळखीच्या वासानं कोपऱ्यापुढं बांधलेल्या दोरीखालून आत घुसली आणि तिथंच झोपली. किती दिवसांनी अशी गाढ झोपलेली. त्यांना उठवायचा तानीचा जीव होईना. ती त्यांना कुशीत घेऊन गप्प बसली. तेवढ्यात मागची रांग आत आली.

"पुतळे काय हुबेहूब केलेत हो," एक हरिणी नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्यानं खात्री करायला तानीच्या पाठीचा काटा उपटला. तानीचे सगळे काटे फुलायला आले. पण फुलले की पोरं परत जाळीखाली. दातओठ खाऊन तिनं ते मिटून धरले.

मग काय, पुतळे बघायला ही झुंबड. दार लावायच्या वेळी कोल्हा आला, वाकून बघितलं, आणि सगळं समजला.

"वहिनी, राहा. केरबालाही बोलवा," तो हळूच म्हणाला. "फक्त दार उघडं असेतो हलायचं नाही. आणि काटा तर फुलवायचाच नाही."

तेव्हापासून केरबा चिंतनाच्या कोपऱ्यात आजा होऊन बसतो. रोज कंदांचा नैवेद्य येतो. पोरांनी बाळसं धरलं. परवा तर बिबट्यासुद्धा आला, पाय पुसून, नमस्कार करून गेला.

तात्पर्य : पूर्वजानं काटा टोचला, तर घराचं स्मारक होतं. आपल्याला त्यात राहायचं असेल, तर काटे मिटून बसावं. बघणारे म्हणतात, अगदी आज्यावर गेलाय.