गिरणीवरचा स्विमिंग पूल

शहापूरला देवरामकाकांच्या पिठाच्या गिरणीवर योगिनीचा स्टुडिओ होता. अजून न बांधलेल्या बंगल्यांच्या फिल्म ती कॉम्प्युटरवर बनवी. मुरबाड रस्त्याच्या एका स्कीमची फिल्म आज संध्याकाळी बिल्डर शेठना दाखवायची होती. नाही जमलं, तर पुढची सगळी कामं कल्याणच्या स्टुडिओला जाणार होती. आणि कॉम्प्युटर तर एकेक चित्र रेंडर करताना, म्हणजे पुरं रंगवून काढताना, धापा टाकत होता.

"ताई, ग्राफिक्स कार्ड मोठं पायजे," तिचा भाऊ सूरज म्हणाला.

मोठं कार्ड आलं. ते जुन्या डब्यात मावेना, म्हणून मोठ्या डब्याचा दुसरा कॉम्प्युटर आला. त्याला वीज पुरेना, म्हणून दणकट पॉवर सप्लाय आला. सगळं मिळून खोली इतकी तापली, की सूरजने मित्राचा जुना एसी आणून बसवला. एसीचं बटण दाबलं आणि वरचं सगळं बंद पडलं. खालची गिरणीसुद्धा.

"कोन रे वर? काय लावलास?" पिठाने पांढरे झालेले देवरामकाका जिन्यात उभे.

"एसी, काका."

"कोनाला?"

"कॉम्प्युटरला."

"आमच्या म्हातारीला चुलीपुढं कदी पंखा नाय लावला, आनि ह्या डब्याला एसी!"

फ्यूज बदलला, गिरणी सुरू झाली; पण नवा डबा काही केल्या उठेना. सूरज मेकॅनिक शोधायला पळाला. योगिनीने नाइलाजाने जुना कॉम्प्युटर लावला. एव्हाना खाली रांग इतकी वाढली होती, की त्याच मुरबाड रस्त्याला राहणाऱ्या गीताबाई दळणाचा डबा घेऊन वर येऊन बसल्या. पडद्यावर निळंशार पाणी अर्धवट उमटून थांबलं होतं.

"ह्यो काय गो?"

"स्विमिंग पूल, मावशी. पाण्याला फार वेळ लागतो. लाटा, चमक, आत दिसणारं आभाळ..."

"पन पानी आनलंस कुठनं? तिकडं टँकर येतो तवा दोन हंड्यांसाठी झिंज्या धरतो आमी!"

"मावशी, चित्र आहे ते."

"मंग बुजव की! अंगन कर. वाल तरी वाळत घालतील बिचारी."

योगिनी रडकुंडीला आली होती. तिने खरंच चित्रातला तलाव बुजवून अंगण केलं. आणि काय आश्चर्य! चित्रं पटापट बाहेर पडू लागली, अगदी फुटाण्यांसारखी.

सूरज मेकॅनिकला घेऊन धापा टाकत आला. "बघ ताई! बोललो होतो ना, कार्ड कसं पळतंय!"

"हा जुना आहे रे."

सूरज नव्या डब्यावरच बसला.

शेठ आले. फिल्म संपली. शेठ पडद्याजवळ वाकले.

"आमचा पूल कुठंय?"

योगिनी तोंड उघडणार, तोच मागून गीताबाई म्हणाल्या, "शेठ, पानी कुठंय?"

शेठनी रुमालाने मान पुसली. "बुकिंगला येणारा प्रत्येक माणूस हेच विचारतो हो." मग खुर्ची पुढे ओढून ते हळूच योगिनीला म्हणाले, "पुढच्या स्कीमपण तुमीच करा. फक्त ह्या अंगणात भरलेला टँकर उभा करता येईल का?"

सूरज टुणकन उठला. "भरलेला? म्हणजे परत पाणी! ताई, कार्ड लागणार!"

"टँकर बंद असतो रे," योगिनी म्हणाली. "त्यातलं पाणी कुठं दिसतं?"

"आमाला तरी कुठं दिसतं गो!" गीताबाई म्हणाल्या आणि दळणाला नंबर लागला म्हणून खाली उतरल्या.