जीवन गेलं!

दीक्षाला निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं ठरलं आणि उचगावच्या त्या दोन खोल्यांत एकाच माणसाची झोप उडाली. तिच्या वडिलांची, नागसेनरावांची. दीक्षा मस्त घोरत होती. (चौथी पास झालेल्या माणसाला कसली काळजी?)

नागसेनराव कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत कारकून होते. आलेल्या कागदावर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असं लिहून तो पुढच्या टेबलावर सरकवण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. त्यामुळं आपलं मराठी फार उत्तम आहे, असा त्यांचा प्रामाणिक गैरसमज होता. कुणीतरी त्यांना सांगितलं, की असल्या परीक्षांत पोरं समानार्थी शब्दांवरच मार खातात. झालं! त्याच संध्याकाळी शिवाजी पेठेतल्या दुकानातून जाडजूड पुस्तक घेऊन ते घरी आले आणि चपला काढायच्या आत त्यांनी जाहीर केलं, "आजपासनं या घरात साधा शब्द बोलायचा न्हाय. परीक्षा होईस्तवर समानार्थीच!"

"म्हंजे?" त्यांच्या बायकोनं, शालननं विचारलं. ती अंगणवाडीत सेविका होती, आणि दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून नुकतीच चुलीपुढं बसली होती.

"म्हंजे भाकरीला भाकरी म्हणायचं न्हाय."

"मग काय म्हणू?"

नागसेनरावांनी पुस्तक चाळलं. पुढून चाळलं, मागून चाळलं. भाकरी काही सापडेना. "ते उद्या बघू," ते म्हणाले, "आज भाकरीच म्हण."

दीक्षाला मात्र हा खेळ जाम आवडला. डोंगराचा गिरी झाला, झाडाचा तरू झाला, विहिरीचा कूप झाला. नागसेनराव मोरीत अंघोळीला बसले की आतून ओरडायचे, "पाणी?"

"जल, नीर, उदक, तोय, जीवन!" दीक्षा बाहेरून एका दमात म्हणायची.

"शाब्बास! आता जरा नीर आण. डोळ्यांत साबण गेलाय."

"डोळे न्हाय बाबा, नेत्र!"

आणि नेत्र म्हणेपर्यंत नीर मिळायचं नाही.

शालन एकदा वैतागून म्हणाली, "आवं, बास करा, माझं डोकं उठलंय."

"मस्तक," नागसेनराव म्हणाले. "मस्तक उठलंय."

त्या दिवशी आमटी अळणी होती. मीठ मागितलं तेव्हा 'लवण संपलंय' एवढंच उत्तर आलं.

आता या शालनला एक धाकटा भाऊ होता. गगनबावड्याला राहायचा, आणि त्याचं नाव जीवन. एका लग्नात नागसेनरावांनी नवी स्कूटर थेट मांडवात घातली, तेव्हा हा जीवन भर पंगतीत मोठ्यानं म्हणाला होता, "आमचं दाजी स्कूटर चालवत न्हाईत, स्कूटरच दाजींना चालवती!" वऱ्हाड हसलं. वाढपी हसले. नवरीसुद्धा हसली. तेव्हापासून नागसेनरावांनी मेव्हण्याशी बोलणं टाकलं होतं. शालननं दोघांना किती समजावलं, पण दोघंही हट्टाला पेटलेले.

परीक्षा पंधरवड्यावर आली असताना एका सकाळी कचेरीत नागसेनरावांचा फोन वाजला. पलीकडं शेजारच्या हुसेनबी होत्या. गल्लीतला एकुलता एक फोन त्यांचा. त्याला कुलूप असायचं आणि पोरांना त्या हात लावू देत नसत. कुणाचाही निरोप त्या स्वतःच्याच तोंडानं सांगायच्या.

"भाऊ, जरा खाली बसा," हुसेनबी म्हणाल्या. "तुमची दीक्षा हितं उभी हाय. तिला शालननं धाडलंय. तुमचा जीवन गेला वो!"

"काय?"

"व्हय वो. थांबा, इचारतो." मग फोनपासून लांब तोंड करून, "कवा गं?" आणि परत फोनवर, "सकाळीच म्हणं. आधी बारीक बारीक चाललं हुतं. मग घरघर लागली, आन् एकदम बंदच पडलं."

नागसेनरावांनी खुर्ची ओढली. "आणि शालन?"

"शालन कुठाय गं?... ती कवाच गेलीया म्हणं. कुठं ते काय मला ह्या पोरीचं कळंना. तुमाला बी येताना... काय गं? कॅन? कसलं कॅन? असू दे पोरी, आसल्या येळी कॅन काय करायचंय? तुमी निघा भाऊ!"

नागसेनरावांनी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून ते रडू लागले. शिपाई जोतीराम धावत आला. "माझा मेव्हणा गेला रे," नागसेनराव हुंदके देत म्हणाले. "सोन्यासारखा माणूस! आणि मी एका स्कूटरपायी त्याच्याशी अबोला धरला. खरं बोलला हुता रे तो. मला खरंच येत न्हाय चालवायला!"

"ते सगळ्यांस्नी म्हाईत हाय, सायेब," जोतीराम त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "तुमी रडू नका."

असल्या अवस्थेत त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून जोतीरामही बरोबर निघाला. स्टँडवर पांढऱ्या फुलांचा मोठा हार घेतला, मेणबत्त्या घेतल्या आणि दोघं गगनबावड्याच्या एसटीत बसले. सगळ्या वाटेत नागसेनराव शोकसभेत काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. मेव्हण्याला पुस्तकातला चांगलासा शब्द द्यावा असं त्यांना फार वाटत होतं. पण 'देहावसान' म्हटलं की रडू यायचं, आणि 'निधन' म्हटलं की शेजारचा प्रवासी दचकायचा.

जीवनच्या दारात पोचले तर दारात माणूस नाही, रडारड नाही. "उशीर झाला आपल्याला," नागसेनराव पुटपुटले. "सगळी नेऊन आली वाटतं."

इतक्यात वरून आवाज आला, "कोण हाय? दाजी?"

पावसाळा तोंडावर आला म्हणून जीवन छपरावर चढून कौलं चाळत होता.

नागसेनरावांनी जोतीरामाचा दंड घट्ट धरला. जोतीरामानं एसटीचा बोर्डवाला खांब असल्यासारखं त्यांना धरलं. जीवन भराभर शिडी उतरून खाली आला. त्याची नजर हारावर गेली आणि गडी जागच्या जागी विरघळला.

"हार? माझ्यासाठी? दाजी, आवं चूक माझी, तोंड माझं फाटकं, आन् हार घेऊन तुमी आलासा?" त्याचे डोळे भरून आले. त्यानं मान खाली वाकवली. "घाला, दाजी!"

नागसेनराव काय करणार? त्यांनी जिवंत मेव्हण्याच्या गळ्यात तो हार घातला. घालता घालता त्यांना असं काही रडू फुटलं, की जीवनलाही आवरेना. दोघं अंगणात गळ्यात पडून रडले. हातातला मेणबत्त्यांचा पुडा घेऊन कुठं बघावं, हे जोतीरामाला कळेना.

"आन् ह्या मेणबत्त्या?" जीवननं डोळे पुसत विचारलं.

"हितं लाईट लई जाती म्हणं," जोतीराम म्हणाला.

जेवल्याशिवाय जीवननं दोघांना सोडलं नाही. तांबडा रस्सा ओरपताना नागसेनरावांनी हळूच विचारलं, "सकाळी तुला काय... घरघर वगैरे?" जीवन म्हणाला, "छ्या! घोड्यागत हाय मी." शालन तर तिकडं फिरकलीच नव्हती. नागसेनरावांनी आणखी एक भाकरी घेतली आणि विचार करायचं सोडून दिलं.

दिवस कलता कलता ते उचगावात परतले, तेव्हा दारात शालन रिकाम्या घागरी पुढ्यात घेऊन उभी होती आणि अख्खी गल्ली भोवती होती.

"कॅन कुठायत?" शालननं विचारलं.

"कसले कॅन?"

"आवं, नळाचं पाणी गेलंय सकाळधरनं! कॅन भरून आणा म्हणून फोन करायला धाडली हुती पोरीला. मी हिरीवरनं पाणी आणून अंगणवाडीला गेलो, आता परत येतोय तर सगळ्या बायका माझ्याच दारात रडत बसल्यात! कुणाला काय सांगितलंस गं?"

"मी बराबर सांगितलं," दीक्षा ठसक्यात म्हणाली. "आमच्यातलं जीवन गेलं, आन् आई कूपावर गेलीय. बाबांनीच शिकवलंय की!"

हुसेनबींनी पदर तोंडाला लावला. आधी वाटलं, त्या लाजल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग सगळी गल्लीच हलायला लागली. नागसेनराव गुपचूप दोन घागरी उचलून विहिरीकडं चालू लागले, तेव्हा मागून शालननं हाक मारली, "आवं! माझ्या भावाला भेटून आलासा?"

"आलो."

"बोललासा?"

"रडलोसुद्धा."

त्या रात्री आमटीत मीठ होतं, आणि ते मीठच होतं.

परीक्षा झाली. दीक्षा पेपर देऊन बाहेर आली तेव्हा नागसेनराव फाटकापाशीच होते. "समानार्थी किती आलते?"

"एक बी न्हाय. निस्त्या आकृत्या आन् गणितं."

पण पोरगी पास झाली. शाळेत दाखल करायला सगळे गेले, जीवनही आला. तिथल्या मुख्याध्यापकांनी दीक्षाला कौतुकानं विचारलं, "गणितात इतके छान गुण! घरी अभ्यास कोण घेत होतं?"

"आई."

"आणि बाबा?" नागसेनरावांनी कॉलर सरळ केली.

दीक्षानं त्यांच्याकडं एकदा मायेनं बघितलं. "बाबांचा व्हय? त्यांचा मीच घेत हुतो की!"